ब्रेक ऑइल सांडलं, तरी हँडब्रेक लागला कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना तुमच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचं ब्रेक पेडल मऊ होत होत तळाला टेकलं. तुम्ही हँडब्रेक ओढलात, गाडीने डावीकडे ओढ घेतली आणि ती डोंगराकडच्या चरीला लागून थांबली. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची डबी जवळजवळ रिकामी. अर्ध्या तासाने पेडल थोडं वर आलं. पेडल काही दिवसांपासून खालीच लागत होतं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पंधरा दिवस अधूनमधून पेटत होता, पण हँडब्रेकचा दांडा नीट खाली बसत नसेल असं तुम्हाला वाटलं. आता तुमच्या शंका तीन. ऑइलच नव्हतं तर मागची चाकं थांबली कशी? गॅरेजवाला म्हणतो, ‘हँडब्रेक ढिला आहे, वायर ताणून देतो’, तेवढ्याने भागेल का? आणि तशीच गाडी हँडब्रेकवर वाईपर्यंत आणता आली असती का?

मी या घाटाच्या पायथ्याशीच सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. शनिवार-रविवारी वास निघालेले ब्रेक घेऊन एकदोन गाड्या येतातच. त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या बारीकसारीक खुणा वाचूनच बराचसा उलगडा झाला. त्यातही गाडीने डावीकडे ओढ घेतली, ही खूण सगळ्यांत महत्त्वाची. तिच्याकडे शेवटी येतो.

पायाचा ब्रेक काय करतो ते तुम्हाला बहुधा माहीत असेल. पेडल दाबलं की बूस्टर तो जोर वाढवतो, मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि नळ्यांमधलं ऑइल तोच दाब चारही चाकांपर्यंत नेतं. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलेंडर असतो. त्यातले दोन छोटे दट्टे ऑइलच्या दाबाने बाहेर सरकतात आणि दोन अर्धगोल शूंना ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबतात. शूवरचं लायनर ड्रमला घासतं आणि चाक थांबतं. हे सगळं चालतं ते द्रव दाबला तरी आकसत नाही या एका गोष्टीवर. नळीत द्रवाऐवजी हवा किंवा वाफ आली की पेडलाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत काही पोचत नाही.

हँडब्रेकच्या दांड्यापासून ड्रमपर्यंत मात्र ऑइलचा थेंबही लागत नाही. तिथे फक्त पोलादी तार आहे. दांडा वर ओढला की त्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी चकतीवरून एक खुंटी टक्-टक् करत सरकते आणि जिथे सोडाल तिथे दात्यात अडकून बसते. दांड्याच्या टोकाचं बटण दाबल्यावर हीच खुंटी उचलली जाते. दांड्याला जोडलेली तार एका छोट्या पट्टीला ओढते, तिला आम्ही इक्वलायझर म्हणतो. त्या पट्टीच्या दोन टोकांतून दोन तारा निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. एका बाजूची तार थोडी जास्त ताणली असेल तर पट्टी तिरकी होते आणि दोन्हीकडे ओढ सारखी राहते. पुढे ही तार कव्हरमधून जाते, सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखीच, फक्त जाड. कव्हर जागेवर राहतं, आतली तार सरकते. म्हणून गाडीच्या पोटाखाली वळणं घेतली तरी ओढ शेवटपर्यंत पोचते.

खरी गंमत ड्रमच्या आत आहे. मागच्या बाजूच्या शूला एक लोखंडी लिव्हर वरच्या टोकाशी खिळलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला तार अडकवलेली असते. खिळ्याच्या जरा खाली, लिव्हर आणि समोरचा शू यांच्यामध्ये एक आडवी पट्टी असते. तार ओढली की लिव्हर खिळ्याभोवती फिरतो आणि आडव्या पट्टीला पुढे रेटतो. पट्टी समोरच्या शूला ड्रमवर दाबते. आता पट्टीला पुढे जायला जागा नाही, मग त्याच जोराचा उलटा धक्का खिळ्यावर येतो आणि लिव्हर ज्या शूला खिळलाय तो शू मागे ढकलला जातो. एका तारेच्या ओढीत दोन्ही शू फाकतात. अडकित्ता आठवा. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका हाताला कमी त्रास. इथे सुपारीच्या जागी ती आडवी पट्टी आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा तुम्ही दांडा २० किलोच्या जोराने ओढलात आणि दांड्याची लांबी त्याला सातपट करते. तारेवर १४० किलो आले. ते दोन चाकांत वाटले गेले, ७० आणि ७०. ड्रममधला लिव्हर त्याला साधारण पाचपट करतो, म्हणजे शूच्या टोकावर ३५० किलो. वायरच्या घासण्यात काही जोर वाया जातो, पण तरी आकडा लहान नाही. शिवाय ड्रमचा एक गुण आहे. गाडी ज्या दिशेने सरकू पाहते त्या दिशेचा शू चाकाबरोबर आत ओढला जातो आणि स्वतःच आणखी घट्ट बसतो. त्यामुळे बूस्टर नसतानाही साध्या हाताच्या ओढीवर उभी गाडी उतारावर तटून राहते. १००० किलोची गाडी पाचास एक अशा चढावर उभी केली तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे १९६ किलो असतो. युरोपीय वाहन नियमांत पार्किंग ब्रेकची कसोटीच ही आहे: भरलेली गाडी २० टक्के उतारावर जागची हलता कामा नये, आणि त्यासाठी हाताने लावायचा जोर ४०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ४० किलोच्या वर जाता कामा नये.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे, आणि तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर तीच आहे. ब्रेक लावल्यावर तो केवळ यांत्रिक रचनेने धरून राहिला पाहिजे. ऑइलचा दाब अडवून ठेवून गाडी उभी करणं मान्य नाही. कारण साधं आहे. रबरी सील कितीही चांगलं असलं तरी रात्रभरात थोडं ऑइल मागे सरकू शकतं, आणि घाट उतरून तापलेलं ऑइल गार होताना आकसतं. मग दाब उतरतो. दात्यात अडकलेल्या खुंटीला असलं काही होत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियमही मोटारीला दोन स्वतंत्र ब्रेक यंत्रणा मागतो, पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक. रॅलीच्या गाड्यांत ऑइलवर चालणारा उंच दांडा दिसतो, तो वळणावर मागची चाकं घसरवण्यासाठी. त्याच्या भरवशावर चढावर गाडी सोडून कोणी चहा प्यायला जाऊ नये.

इतिहासही उलटाच आहे. लोकांना वाटतं पायाचा ब्रेक मूळचा आणि हँडब्रेक त्याचं शेपूट. खरं तर दांड्या आणि तारांचे ब्रेक आधीचे, ऑइल नंतर आलं. चारही चाकांना ऑइलचे ब्रेक लावलेली ड्यूसेनबर्ग १९२१ ची, आणि हेन्री फोर्डने तर १९३८ च्या मॉडेलपर्यंत आपल्या गाड्यांना तारा-दांड्यांचेच ब्रेक ठेवले. तुमच्या दोन सीटच्या मधला दांडा हा त्या जुन्या घराण्यातला शेवटचा वारस म्हणा.

आता तुमच्या गाडीत त्या दिवशी काय झालं ते.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलेंडर एक दिसला तरी आत दोन कप्पे असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ते बहुधा फुलीसारखे जोडलेले असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका कप्प्यावर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यावर. ऑइलच्या डबीतही तळाशी आडवा पडदा असतो. एका कप्प्याची नळी गळली तरी दुसऱ्याच्या वाटचं ऑइल पडद्यामागे शिल्लक राहतं. म्हणून नुसत्या एका गळतीने पेडल पूर्ण तळाला जात नाही. ते खाली लागतं, निम्मे ब्रेक उरतात. हे तुमच्याकडे घाटाच्या आधीच काही दिवस चाललं होतं. पेडल खाली लागत होतं, असं तुम्हीच लिहिलंय.

मग घाटात उरलेला कप्पा का गेला? कारण चार चाकांचं काम दोन चाकं करत होती, त्यातही बहुतेक भार एकट्या पुढच्या डिस्कवर, म्हणजे पुढच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर. तुम्ही कोणत्या गिअरमध्ये उतरत होता ते लिहिलं नाहीत. चौथ्यात असाल तर इंजिनाने गाडी धरलीच नसणार, बाकी काही विचारायलाच नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. डॉट ४ ची २३० वरून १५५. दहा वर्षांत ऑइल कधी बदललं असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. तापलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणाऱ्या भागात, ते उकळलं, वाफ झाली, पेडल मऊ होत तळाला गेलं. अर्ध्या तासात सगळं थंड झालं, वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल थोडं वर आलं. नुसती गळती असती तर ते वर आलं नसतं.

हँडब्रेकला यातल्या कशाचीच झळ लागली नाही. तारेत उकळण्यासारखं काही नाही. आणि घाटात उष्णता मुख्यतः पुढच्या डिस्क खातात, मागचे ड्रम त्यामानाने गार असतात. म्हणून ऑइल उकळलेल्या गाडीलाही हँडब्रेक बहुधा साथ देतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, दोन्ही ब्रेक पूर्ण स्वतंत्र, मग काळजी कसली. तर तसं नाही. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे, मुक्काम एकच. ड्रम तोच, शू तेच, लायनर तेच. लायनर झिजून रिव्हेट ड्रमला घासायला लागलं तर पाय लावा नाहीतर हात लावा, पकड येणार नाही. आणि लायनर तेलकट झालं तर दोन्ही ब्रेक एकदम घसरतात.

म्हणूनच गाडीने डावीकडे घेतलेली ओढ मला महत्त्वाची वाटते. इक्वलायझर दोन्ही तारांना सारखं ओढतो. तरी गाडी डावीकडे ओढली गेली याचा अर्थ डावं मागचं चाक धरत होतं आणि उजवं सोडत होतं. आता डबी कुणामुळे रिकामी झाली असेल ते बघा. माझा अंदाज असा, की उजव्या मागच्या व्हील सिलेंडरचं सील गेलंय, ऑइल महिनाभर थेंबाथेंबाने ड्रमच्या आत उतरलंय आणि उजवी लायनर त्यात भिजलीत. ड्रमच्या आतली गळती जमिनीवर लवकर दिसत नाही. चाक काढून टायरच्या आतल्या कडेला ओल किंवा काळपट चिकट थर आहे का ते बघा. व्हील सिलेंडरचं रबरी बूट बोटाने उचलून बघा, आत ओल असेल तर तिथेच दुखणं आहे. तसं असेल तर ज्या दोषाने पायाचा ब्रेक गेला त्यानेच तुमचा हँडब्रेकही निम्मा केला होता. तारेने आपलं काम चोख केलं, पण डावीकडे डोंगर होता हेही नशीबच म्हणायचं.

आता दुसरी शंका, वायर ताणून देण्याची. नको. निदान आधी नको.

दांडा जास्त वर येऊ लागला, म्हणजे खटके वाढले, की दांड्याखालचं बूट उचलून नट दोन फेरे आवळून द्यायचा ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वाईट सवय आहे. पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश. पण खटके वाढायचं मुख्य कारण तार लांबणं हे नसतं, लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यात अंतर पडणं हे असतं. ते अंतर भरायला आत ॲडजस्टर असतो. काही गाड्यांत तो पेडल मारताना आपोआप सरकतो, काहींत हँडब्रेक ओढताना. तुम्ही अंतर न भरता तार आवळली की ड्रममधला लिव्हर कायम थोडा ओढलेलाच राहतो, आपल्या मूळ जागी टेकत नाही. मग ॲडजस्टरला सरकायला वाव मिळत नाही. वर हँडब्रेक घट्ट, आत अंतर तसंच. आणखी आवळलं तर शू ड्रमला चाटत राहतात, मायलेज पडतं, हायवेवर मागचं चाक तापतं.

बरोबर क्रम उलटा आहे. तार पूर्ण सैल करायची. ड्रम काढून झाडायचा, लायनरची जाडी बघायची, लिव्हर हाताने हलतोय ना ते बघायचं, कारण त्याचा खिळा गंजून जाम झालेला खूपदा सापडतो. मग ॲडजस्टरने शू ड्रमच्या जवळ आणायचे, पेडल पाचसात वेळा दाबून ते मध्यावर बसू द्यायचे आणि सगळ्यांत शेवटी तार. दोन्ही मागची चाकं उचलून एकेक खटका ओढत दोन्ही सारखीच जड होतात ना ते हाताने फिरवून बघायचं, आणि दांडा सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत. बहुतेक छोट्या गाड्यांत ४ ते ८ खटक्यांत ब्रेक धरतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो.

घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगतो, पैसे लागत नाहीत. सपाट जागेवर गाडी उभी करून पेडल दाबा आणि ते किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक पूर्ण ओढून पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी पेडल स्पष्टपणे वरच लागलं, तर मागच्या शूंचं अंतर वाढलंय. हँडब्रेकने ते आधीच भरलं, म्हणून दट्ट्यांना कमी सरकावं लागलं. पेडल नीट आहे आणि फक्त दांडा आभाळाकडे जातो, तर तारेकडे बघा. दांडा ठीक आहे आणि पेडल धरून ठेवलं तरी हळूहळू खाली उतरतंय, तर ऑइलच्या बाजूला दोष आहे, बहुधा मास्टर सिलेंडरच्या सीलमध्ये. दोन यंत्रणांचा रस्ता वेगळा असण्याचा हा फायदा मेकॅनिकला रोज होतो. एकीचा वापर करून दुसरीची नाडी बघता येते.

तुमच्या गाडीत करायचं काम मात्र ठरलेलं आहे: दोन्ही मागचे व्हील सिलेंडर बदला, दोन्ही चाकांचे शू बदला, सगळं ऑइल नवं भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. ऑइल प्यायलेली लायनर पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवणारे आहेत. थंड असताना ती धरतात. पहिल्याच घाटात तापली की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. आणि एकाच चाकाचे शू बदलू नका, नाहीतर ओढ आता उलट्या बाजूला जाईल. पुढच्या उजव्या डिस्कचा रंग निळसर झालाय का आणि तिथले पॅड जळलेत का तेही बघून घ्या.

त्या लाल दिव्याबद्दल. गोलात उद्गारचिन्ह असलेला तो दिवा बहुतेक गाड्यांत दोन स्विचांना जोडलेला असतो, एक दांड्याखाली आणि एक ऑइलच्या डबीतल्या तरंगत्या चकतीला. यंत्रणा दोन आणि दिवा एकच. ऑइल कमी झालं की वळणावर ते डबीत हिंदकळतं, चकती क्षणभर खाली जाते, दिवा लुकलुकतो. चालवणारा सवयीने दांडा खाली दाबून बघतो, तेवढ्यात रस्ता सरळ होतो, दिवा विझतो आणि त्याची खात्री पटते की दांड्याचाच दोष होता. हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की गाडी बनवणाऱ्यांनी दोन वेगळे दिवे द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर एवढंच करा: वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकला की दांड्याला हात लावण्याआधी बॉनेट उघडा. पॅड झिजल्यामुळेही पातळी खाली येते, तेव्हा नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका.

मागे डिस्क असलेल्या गाडीत हेच तत्त्व थोड्या वेगळ्या रूपात असतं. काहींत डिस्कच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम लपवलेला असतो, फक्त हँडब्रेकसाठी. तिथे लायनरसुद्धा वेगळी, म्हणजे मुक्कामही वेगळा. काहींत तार कॅलिपरच्या पाठीवरचा लिव्हर फिरवते आणि आतला स्क्रू दट्ट्याला पॅडवर रेटतो. अशा कॅलिपरचा दट्ट्या पॅड बदलताना नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. न कळता शिकंजा लावून तो मोडलेला मी पाहिलाय.

बटणाच्या हँडब्रेकला दांडा नाही, पण तोही ऑइलवर धरून राहत नाही. कॅलिपरवरची छोटी मोटर स्क्रू फिरवते आणि स्क्रूच्या आट्यांची ठेवणच अशी असते की दट्ट्याने कितीही मागे रेटलं तरी तो उलटा फिरत नाही. म्हणून बॅटरी उतरली तरी लावलेला ब्रेक लागलेलाच राहतो. मात्र दोन गोष्टी लोक गल्लत करतात. चालत्या गाडीत ते बटण धरून ठेवलं तर बऱ्याच गाड्या आधी एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाने चारही चाकांना ऑइलचाच ब्रेक लावतात, आणि ऑइलचा मार्ग निकामी असेल तर मग मागच्या मोटरी वापरतात. दुसरं म्हणजे ऑटो होल्ड. सिग्नलला पाय काढल्यावर गाडी धरून ठेवणारं ते ऑटो होल्ड व्हॉल्व्ह बंद करून ऑइलचा दाबच अडवतं. तो पार्किंग ब्रेक नव्हे. थोड्या वेळाने, किंवा दार उघडल्यावर, गाडी स्वतःच काम मोटरकडे सोपवते, पण उतरण्याआधी बटण ओढायची सवय ठेवलेली बरी.

जुन्या जीपवाल्यांसाठी एक वाकडी वाट. विलीज जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हता, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टलाच होता. लँड रोव्हर डिफेंडरचाही तसाच. ऑइल आणि चाकांचे ड्रम या दोन्हींपासून हा खरा स्वतंत्र ब्रेक. पण त्यात एक सापळा आहे. शाफ्ट जाम असला तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या दातेरी चक्रांमुळे) एक मागचं चाक जॅकवर उचललं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे. गाडी जॅकवरून निसटते. अशा गाडीला दगड लावल्याशिवाय पंक्चर काढू नये. ट्रकचं तर तत्त्वच उलटं आहे. तिथे भक्कम स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवेचा दाब तो सोडवतो. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो, म्हणून सकाळी टाकीत हवा भरेपर्यंत ट्रक जागचा हलत नाही.

मोटारीत असं नाही, दांडा तुम्हालाच ओढावा लागतो. आणि तो कसा ओढायचा ते इथे सांगतो, कारण तुम्ही घाबरून एकदम ओढलात. पेडल गेलं की आधी ते दोनचार वेळा झपाझप दाबायचं, कधी कधी थोडा दाब तयार होतो. त्याच वेळी एकेक गिअर उतरवत इंजिनाला गाडी धरू द्यायची, क्लच दाबून ठेवायचा नाही, किल्ली बंद करायची नाही. मग दांड्याचं बटण अंगठ्याने दाबलेलंच ठेवून हळूहळू ओढायचं. बटण दाबलेलं असलं की खुंटी अडकत नाही आणि चाक घसरायला लागलं तर लगेच थोडं सोडता येतं. ब्रेक लागल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि एकदम ओढलं तर ती जाम होऊन मागचा भाग रस्त्याबाहेर फिरतो. ओल्या रस्त्यावर तर फारच लवकर.

यातच तिसऱ्या शंकेचं उत्तर आहे. गाडी हँडब्रेकवर वाईपर्यंत आणायची नव्हती, आणली नाहीत ते बरं केलंत. हा ब्रेक फक्त दोन चाकांना, तीही हलकी झालेली, आणि जोर तुमच्या एका हाताचा. उभी गाडी धरून ठेवणं आणि सुटलेली गाडी थांबवणं यात फरक आहे. पसरणीच्या उरलेल्या वळणांवर तो एकच चांगला ड्रम एवढा तापला असता की पकड कमी होत गेली असती. आणि पेडल थोडं वर आलंय म्हणून निघाला असता तर दुसऱ्या तिसऱ्या वळणावर ऑइल पुन्हा उकळलं असतं. टोइंगची गाडी बोलवायची, शक्यतो चारही चाकं वर घेणारी. नुसत्या दोराने ओढत उतारावरून आणलं तर मागच्या गाडीचा ब्रेक कोण लावणार?

शेवटचं, तुमचं गाव पाचगणीत असेल किंवा तिथे बंगला असेल तर. पावसाळ्यात गाडी चारसहा दिवस उभी राहणार असेल तेव्हा हँडब्रेक लावून ठेवू नका. ड्रमची कड गंजते, लायनर त्याला चिकटतं, सकाळी दांडा खाली केला तरी चाक फिरत नाही आणि मग लोक क्लच जाळतात. सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ड्रमवर दांडा कचकचून ओढणंही टाळा, ड्रम गार होताना आकसतो आणि शूंना आवळतो. मागे डिस्क असेल तर उलट होतं, गार होताना पकड सैल पडते, तेव्हा गिअर टाकायला विसरू नका. चाक चिकटलंच तर गाडी मागेपुढे हलकेच डोलवा, नाहीतर ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा धरून दोन बेताचे ठोके द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.